नवरीचे पारंपरिक दागिने: निवडीचा क्रम आणि खरेदीतील खबरदारी

लग्नाच्या दागिन्यांची खरेदी बहुतेक घरांत उलट्या टोकाने सुरू होते. आधी पेढीवर जाऊन मोठा हार घेतला जातो, मग त्याला शोभेल असे कानातले शोधले जाते, साड्या त्यानंतर येतात, आणि मुहूर्ताच्या दिवशी सकाळी लक्षात येते की ठुशी आणि चिंचपेटी एकमेकींवर चढत आहेत, मुंडावळ्या कानांतल्या वेलांत अडकत आहेत आणि मंगळसूत्राला गळ्यात जागाच उरलेली नाही. यांतला प्रत्येक दागिना स्वतंत्रपणे सुंदर असतो. चुकलेला असतो तो क्रम. म्हणून या लेखात महाराष्ट्रीय पद्धतीच्या लग्नातील नवरीचे दागिने कोणत्या क्रमाने ठरवावेत, कोणत्या टप्प्यावर काय तपासावे आणि पैसे मोजण्यापूर्वी पावतीत काय पाहावे, एवढेच मांडले आहे. पहिले तीन टप्पे पेढीची पायरी चढण्यापूर्वीचे आहेत, आणि तेच सर्वांत जास्त वेळा वगळले जातात.

टप्पा १: विधी आणि साड्यांचा तक्ता करा

एका वहीत प्रत्येक विधीपुढे त्या वेळची साडी, तिच्या काठाचा रंग, ब्लाउजच्या गळ्याचा आकार आणि केशरचना लिहून काढावी. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, पिवळ्या अष्टपुत्रीतला मुहूर्त, त्यानंतरचा शालू किंवा पैठणी, सत्यनारायणाची पूजा आणि स्वागत समारंभ एवढे प्रसंग साधारणपणे असतात. तुमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे त्यांत बदल होईल. हा तक्ता डोळ्यांसमोर आला की एक गोष्ट लगेच कळते: प्रत्येक प्रसंगाला वेगळा संच लागत नाही. मुहूर्ताचा आणि स्वागत समारंभाचा असे दोन नीट विचार केलेले संच आणि मधल्या विधींसाठी दोन-तीन हलके नग पुरेसे होतात.

त्याच तक्त्यात त्या विधीत नवरीला काय करावे लागते, तेही लिहावे. लाजाहोमाच्या वेळी ती अग्नीसमोर वाकते, आणि लांब राणीहार अशा वेळी पुढे लोंबून समिधांपर्यंत पोहोचतो. हार घालताना फुलांच्या हाराची दोरी चपलाहाराच्या पदरांत गुंतते. मंगळसूत्र विधीच्या मध्येच गळ्यात येते आणि जोडवीही त्याच सुमारास घातली जातात, त्यामुळे या दोन्हींसाठी जागा आधीपासून मोकळी ठेवावी लागते. मुंडावळ्या कानशिलांवरून गालांपर्यंत उतरतात. त्यामुळे मुहूर्ताच्या वेळी कानांत लोंबते झुबे व वेल घातल्यास दोन्हींची गुंतागुंत होते, आणि कुड्यांसारखा कानाला चिकटून बसणारा दागिना तिथे अधिक शोभतो व टिकतो.

*पडताळणी:* तक्त्यातील प्रत्येक विधीपुढे साडीचे नाव लिहिलेले आहे का? साडी ठरलेली नसेल, तर त्या विधीचा दागिनाही अजून ठरवू नये.

टप्पा २: घरातले दागिने बाहेर काढून नोंद करा

आई, आजी, आत्या, मावशी यांच्याकडे असलेले आणि लग्नात देण्याचे किंवा घालायला देण्याचे कबूल झालेले सर्व दागिने एकाच दिवशी समोर मांडून त्यांचे छायाचित्र काढावे. प्रत्येक नगाचे वजन, फासा व कड्यांची अवस्था आणि ओवणीचा दोरा तपासावा. जुन्या पुतळीहाराचे सोने वर्षानुवर्षे टिकते; तुटतो तो दोरा. असा दागिना पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घेतला आणि सोनाराकडून उजळून घेतला, की बहुधा नव्याची गरज उरत नाही.

जुन्या दागिन्यांचे वजन सांगताना तोळ्याचा घोळ हमखास होतो. आज पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, पण जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. आजीच्या काळात पाच तोळे म्हणून नोंदलेला साज आजच्या काट्यावर ५८ ग्रॅमच्या आसपास भरला, तर त्यात आश्चर्य नाही. आणि तो ५० ग्रॅम भरला, तर नोंद कोणत्या तोळ्याची होती हे घरात विचारून घ्यावे.

*इशारा:* जुना दागिना मोडीत घालण्याचा निर्णय या टप्प्यावर घेऊ नये. हाती घडवलेली ठुशी, जुना तन्मणी किंवा जुन्या पुतळ्या एकदा वितळल्या की त्यांची घडण परत मिळत नाही, आणि मोडीत भाव मिळतो तो फक्त सोन्याचा. मोडायचेच असेल, तर तुटलेल्या साखळ्या, जोडी हरवलेले कानातले आणि नवरीला मुळीच न आवडणारे यंत्रावरचे हार आधी निवडावेत.

टप्पा ३: अंगाची मापे आणि नाक-कान

हे काम लग्नाच्या किमान पाच-सहा महिने आधी करावे, आणि त्याचे कारण नाक आहे. नाकपुडीचे छिद्र पूर्ण भरून यायला काही महिने लागतात. लग्नाच्या पंधरा दिवस आधी टोचलेल्या नाकात मोत्यांची वजनदार नथ घालणे म्हणजे सूज आणि जखमेला निमंत्रण आहे. ज्यांना टोचायचे नाही, त्यांच्यासाठी चापाची म्हणजे दाबाची नथ हा अगदी प्रतिष्ठित पर्याय आहे. फक्त तो आत्ताच ठरवावा, कारण नथीची घडण त्यावर अवलंबून असते. बुगडीचेही तसेच: ती कानाच्या वरच्या पाळीत असते, आणि तिथे छिद्र नसल्यास चापाची बुगडी करून घ्यावी लागते.

बांगडीचे माप घेताना २.४, २.६, २.८ हे आकडे दशांशातले समजण्याची चूक पुष्कळजण करतात. टिंबानंतरचा आकडा इंचाचे सोळावे भाग दाखवतो. म्हणजे २.४ ही आतून सव्वादोन इंच व्यासाची बांगडी आणि २.८ ही अडीच इंचांची. माप मनगटावरून न घेता अंगठा आत दुमडून हाताच्या सर्वांत रुंद भागावरून घ्यावे, आणि शक्यतो दुपारनंतर घ्यावे, कारण उकाड्यात हात किंचित सुजतात.

गळ्याची मापे तीन घ्यावीत: गळ्यालगतचा घेर, गळ्यापासून छातीच्या मध्यापर्यंतची लांबी आणि तिथून कमरेच्या वरपर्यंतची लांबी. ठुशीला मागे गोंड्याची दोरी असल्यामुळे तिचा घेर कमी-जास्त करता येतो. चिंचपेटीच्या पेट्या मात्र ठरावीक संख्येच्या असतात, आणि बारीक गळ्यावर तिची दोन टोके मागे एकमेकांवर येतात.

टप्पा ४: गळ्यातली उतरंड ठरवा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला वेळ द्यावा. पारंपरिक गळ्याचे दागिने तीन पातळ्यांवर बसतात. गळ्यालगत ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक किंवा तन्मणी. त्याखाली कोल्हापुरी साज, पुतळीहार, बोरमाळ किंवा एकदाणी. आणि सर्वांत खाली मोहनमाळ, चपलाहार, लक्ष्मीहार किंवा राणीहार. प्रत्येक पातळीवर एकच दागिना घ्यावा आणि दोन पातळ्यांमध्ये निदान तीन बोटांचे अंतर ठेवावे, म्हणजे साडीचा रंग मधून दिसतो आणि प्रत्येक घडण वेगळी ओळखू येते. मंगळसूत्र मधल्या किंवा खालच्या पातळीवर येणार असल्यामुळे ती एक पातळी मुहूर्तापर्यंत रिकामी ठेवणे हिताचे ठरते. ज्यांना तिन्ही पातळ्या भरलेल्या हव्या असतील, त्यांनी मंगळसूत्राची लांबी सर्वांत खालच्या हारापेक्षा वेगळी करून घ्यावी. नाहीतर काळे मणी हाराखाली दडतात, आणि छायाचित्रांत मंगळसूत्रच दिसत नाही.

दुसरा निर्णय मोती की सोने, हा आहे. मोत्यांची चिंचपेटी, तन्मणी, मोत्यांच्या कुड्या आणि मोत्यांची नथ हा एक सुसंगत पोत आहे, आणि तो अष्टपुत्रीवर किंवा मोतिया रंगाच्या काठांवर फार शांत व भारदस्त दिसतो. ठुशी, साज, पुतळीहार आणि सोन्याचे कान हा दुसरा पोत. गर्द रंगाच्या पैठणीवर त्याला तोड नाही. दोन्ही एकत्र घालू नयेत असा नियम नाही, पण मिश्रण करायचे असेल तर एका पोताला मुख्य मानून दुसऱ्याचा एकच नग घ्यावा. माझे मत स्पष्ट आहे: मुहूर्ताला एक पोत आणि स्वागत समारंभाला दुसरा, असे केल्याने दोन्ही संचांची शोभा वाढते आणि खरेदीही आटोक्यात राहते.

साज घेताना त्याची पाने एकेक करून उलटून पाहावीत. प्रत्येक पानाच्या मागे कडी नीट जोडलेली आहे का, पानांच्या कडा साडीचे धागे ओढतील इतक्या धारदार आहेत का, मधला ताईत सरळ बसतो का, हे बोटांनी चाचपून कळते. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात किंवा लाखेने भरलेले असतात. पोकळ मणी हलका असतो आणि लवकर चेपतो. लाखेचा मणी मजबूत, पण लाखेचे वजन सोन्यात धरले जाऊ नये. तन्मणीच्या खोडात, म्हणजे मधल्या पदकात, मागची बाजू बंद असेल, तर खडे कसे बसवले आहेत आणि एखादा निघाल्यास पेढी तो बसवून देईल का, हे आधीच विचारावे.

*इशारा:* ब्लाउजच्या गळ्याला जरीची जाड पट्टी असल्यास त्यावर ठुशी टेकू देऊ नये. मणी जरीत अडकतात आणि दोरा झिजतो.

टप्पा ५: नथ, कान, हात आणि केस

नथ चेहऱ्याच्या मापाने घ्यावी. आरशात पाहून भागत नाही. बोलून, हसून आणि पाणी पिऊन पाहावे. नथीचे मोती वरच्या ओठावर टेकत असतील, तर दिवसभरात ती शंभरदा हाताने सावरावी लागते. वजन जास्त असल्यास केसांत अडकवायचा सर घ्यावा. मोती कोणत्या धातूच्या तारेत ओवले आहेत हे विचारावे, कारण तांब्या-पितळेची तार घामाने हिरवी पडते आणि नाकाला त्रास देते.

झुबे जड असतील, तर वेल केवळ शोभेसाठी नसून कानाच्या पाळीवरचा भार केसांकडे नेण्यासाठी असतो. म्हणून वेलाची लांबी ठरलेल्या केशरचनेवर मोजावी. फिरक्या घट्ट बसतात का हे पाहून प्रत्येक प्रकारची एक जादा फिरकी मागून घ्यावी.

हातांतला क्रम चुड्यापासून ठरतो. कासार चुडा भरून गेला की काचेच्या बांगड्यांवरून पाटल्या सरकवणे धोक्याचे असते. म्हणून पाटल्या, तोडे आणि हिरव्या बांगड्या यांचा क्रम घरच्या वडीलधाऱ्या बाईकडून आधी समजून घ्यावा आणि चुडा भरतानाच सोन्याच्या बांगड्या हाताशी ठेवाव्यात. मळसूत्राचे, म्हणजे स्क्रूने उघडणारे, तोडे नंतरही घालता येतात. ओढून घालायच्या पाटल्या येत नाहीत. वाकी किंवा बाजूबंद दंडावर बसतो, त्यामुळे ब्लाउजच्या बाहीची लांबी ठरल्यावरच तो घ्यावा. अंबाड्याचे फूल, खोपा आणि पैंजण यांबाबत फारसा प्रश्न येत नाही. फक्त अंबाडा खोटा लावणार असल्यास फुलाचा आकडा त्यात रुततो का, एवढे पाहावे.

टप्पा ६: कोणता नग सोन्याचा, कोणता नाही, हे ठरवा

सगळेच सोन्यात घ्यावे असा आग्रह धरू नये. लग्नानंतर वर्षभरात किती वेळा घातला जाईल, हा प्रश्न प्रत्येक नगापुढे लिहावा. मंगळसूत्र, पाटल्या, ठुशी आणि कानातले ही नेहमी वापरात राहणारी आहेत. त्यांत सोने घालणे योग्य. कंबरपट्टा, बाजूबंद आणि राणीहार हे एक-दोनदाच घातले जातात. ते चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले किंवा फॉर्मिंगचे घेतल्यास काही बिघडत नाही, पण मग ते सोन्याच्या संचाशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवून रंग जुळतो का हे पाहावे. पेढीतल्या पिवळ्या दिव्यांखाली सर्व मुलामे सारखेच दिसतात.

*इशारा:* ‘एक ग्रॅम सोन्याचा’ म्हणून विकला जाणारा दागिना हा मुलाम्याचा दागिना आहे. मोडीत त्याला सोन्याचा भाव मिळेल, असे गृहीत धरू नये.

टप्पा ७: पेढीवर: शुद्धता, वजन, पावती

आता प्रत्यक्ष खरेदीसाठी पेढीवर जावे, आणि तक्ता सोबत न्यावा.

शुद्धता आधी पाहावी. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. दागिन्यावर तीन खुणा हव्यात: भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी. २२ कॅरेटसाठी २२के९१६ आणि १८ कॅरेटसाठी १८के७५० असा आकडा असतो. म्हणजे अनुक्रमे ९१.६ आणि ७५ टक्के सोने. खुणा भिंगातून पाहाव्यात. पेढीने भिंग देणे अपेक्षितच आहे. तो क्रमांक तिथेच उभे राहून मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालावा आणि दिसणारा दागिन्याचा प्रकार हातातल्या नगाशी जुळतो का ते पाहावे. पडद्यावर ‘अंगठी’ आणि हातात ठुशी, असे आढळल्यास व्यवहार थांबवावा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे नग आणि कुंदन, पोलकी व जडाऊ दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत सोन्याचे कॅरेट आणि निव्वळ वजन पावतीवर लिहून घेणे हाच आधार असतो.

वजन दोन प्रकारचे विचारावे: एकूण आणि निव्वळ. मोती, खडे, लाख आणि दोरा वजा करून उरते ते निव्वळ, आणि सोन्याचा भाव फक्त त्यालाच लागतो. मोती-खड्यांची किंमत वेगळ्या ओळीत असावी. भाव विचारताना ‘आजचा २२ कॅरेटचा १० ग्रॅमचा भाव’ असे नेमके विचारावे, कारण फळ्यावर अनेकदा २४ कॅरेटचाही भाव असतो.

घडणावळीची तुलना करण्याची सोपी रीत म्हणजे तिचे ग्रॅमांत रूपांतर करणे. निव्वळ २५ ग्रॅमच्या साजाला १४ टक्के घडणावळ म्हणजे साडेतीन ग्रॅम सोन्याची किंमत. ती कधीच परत येत नाही. एखादी पेढी १० टक्के घडणावळ आणि ४ टक्के घट (घडवताना वाया जाणारे सोने) असे दोन आकडे सांगते, तेव्हा बेरीज तीच होते. त्यामुळे ‘घट, मजुरी, सगळे धरून किती’ असाच प्रश्न विचारावा. हाती घडवलेल्या साजाला यंत्रावरच्या साखळीपेक्षा जास्त मजुरी असणे रास्त आहे, आणि त्या कारागिरीची किंमत द्यायला कुरकुर करू नये; कुरकुर करायची ती यंत्राच्या कामाला हातकामाची मजुरी लावल्यास.

जुने सोने मोडीत घालणार असल्यास लाख व खडे काढल्यानंतरचे वजन आपल्यासमोर करून घ्यावे, शुद्धतेची तपासणीही आपल्यासमोर व्हावी, आणि वजावट किती व कशाची हे लेखी मागावे. ऑर्डरचा दागिना असेल तर भाव आगाऊ रक्कम दिल्याच्या दिवसाचा की ताब्यात घेतल्याच्या दिवसाचा, हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि दागिना मुहूर्ताच्या किमान महिनाभर आधी हातात येईल अशी तारीख ठरवावी.

*पडताळणी:* पावतीवर प्रत्येक नगाचे नाव, निव्वळ वजन, कॅरेट, भाव, घडणावळ, मोती-खड्यांची किंमत, हॉलमार्किंगचे शुल्क आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे आहेत का? हॉलमार्किंगचे शुल्क नगावर असते, वजनावर नसते. दोन लाखांपेक्षा जास्त खरेदीला पॅन द्यावे लागते, आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देता येत नाही. पावती नवरीच्या नावावर घ्यावी. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाल्यास, कमी भरलेल्या सोन्याच्या किमतीतील फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तो पावतीशिवाय बजावणे अवघड जाते.

टप्पा ८: साडीवर पूर्ण रंगीत तालीम

लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी, मुहूर्ताची साडी नेसून, त्याच ब्लाउजवर आणि तशाच अंबाड्यासह सर्व दागिने घालावेत. ज्या बाई नवरीला सजवणार आहेत, त्यांनाच बोलवावे. मुंडावळ्या बांधाव्यात, मंगळसूत्राच्या लांबीची एक काळी दोरी गळ्यात घालावी, आणि नवरीने पाटावर बसावे, उठावे, वाकून नमस्कार करावा, हात वर करून हार घातल्यासारखे करावे. तासभर तसेच वावरावे. कुठे टोचते, काय फिरते, कोणता हार उलटतो, हे याच वेळी कळते, आणि दुरुस्तीला अजून दिवस शिल्लक असतात. शेवटी दिवसाच्या उजेडात समोरून व बाजूने छायाचित्र काढावे आणि त्यात सर्वांत कमी लक्षात येणारा एक नग काढून पुन्हा पाहावे. बऱ्याचदा त्याच्याशिवायच संच चांगला दिसतो.

टप्पा ९: कार्यालयात नेताना आणि परत आणताना

प्रत्येक विधीचा संच वेगळ्या डबीत ठेवून वर विधीचे नाव आणि नगांची संख्या लिहावी. डब्यांची जबाबदारी एकाच विश्वासू बाईकडे द्यावी, आणि तिच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. सुई-दोरा, जादा फिरक्या, नथीचा जादा चाप आणि लहान पकड तिच्या पिशवीत असावी.

अत्तर, केसांचा फवारा आणि प्रसाधन पूर्ण वाळल्यावरच मोती घालावेत. त्यांतल्या रसायनांनी मोत्याची झळाळी जाते.

लग्नात नवरीला मिळालेल्या दागिन्यांची यादी करण्याची तरतूद हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांत आहे: वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि वधू-वर दोघांच्या सह्या. ही यादी कटुता म्हणून न करता घरच्या शिस्तीचा भाग म्हणून करावी. स्त्रीधनावर मालकी नवरीची असते, आणि तिच्या नावच्या पावत्या व सह्यांची यादी यांच्या प्रती तिच्याजवळ असाव्यात. घालायला म्हणून आणलेले आत्या-मावशींचे दागिने या यादीत न घेता वेगळ्या कागदावर लिहावेत आणि परत देताना त्यावर खूण करावी.

घरी आल्यावर मोत्यांचे नग मऊ कोरड्या कापडाने पुसून रात्रभर हवेत ठेवावेत आणि मलमलीत गुंडाळून सोन्यापासून वेगळे ठेवावेत. ठुशीचा गोंडा घामाने ओला असतो. तो पूर्ण सुकल्यावरच तिची डबी बंद करून लॉकरमध्ये पाठवावी.